निशाणी नांगर, बकलम दुसऱ्याची

जुन्या मराठी कागदपत्रांशी ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांनी कर्जखताच्या अखेरीस एक खूण पाहिली असेल. कुणब्याच्या नावापुढे नांगराची आकृती असे, बाईच्या नावापुढे बांगडीची. आणि तिच्याजवळच ‘बकलम’ म्हणून ज्याने तो कागद लिहिला त्याचे नाव. पुढे नांगर आणि बांगडी गेली व त्यांच्या जागी डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा आला. कागदाची रचना मात्र बदलली नाही. त्यावर नेहमी दोन माणसे असत. ज्याचे शेत गहाण पडत होते तो एक, आणि कागदात काय लिहिले आहे हे ज्याला ठाऊक होते तो दुसरा. प्रौढ साक्षरतेचा सगळा इतिहास या दोन माणसांमधील अंतराचा इतिहास आहे, असे मला वाटते.

या विषयावर लिहिताना टक्केवारीपासून आरंभ करण्याचा प्रघात आहे. १९५१ च्या जनगणनेत भारतात शेकडा सुमारे १८ माणसे साक्षर होती, २०११ च्या जनगणनेत सुमारे ७३. हे आकडे महत्त्वाचेच आहेत. परंतु संसारात पडलेले माणूस वाचू लागते तेव्हा त्याच्या घरात व त्याच्या धंद्यात नेमके काय हलते, पैसा कोणाच्या हातातून कोणाच्या हातात जातो, घरातील कोणाचे मन दुखावते, हे आकड्यांतून कळत नाही. त्यासाठी विशिष्ट माणसांकडे व विशिष्ट गावांकडे पाहावे लागते.

१२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांवर चाल केली, आणि पाहता पाहता हा क्षोभ पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव १८६५ नंतर कोसळले होते, सरकारी सारा वाढला होता, आणि सावकारांनी हात आखडता घेतला होता. ही कारणे सर्वश्रुत आहेत. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. बंडवाल्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. त्यांनी मागितली ती कर्जखते, रोखे आणि हिशेबाच्या वह्या. त्या मिळाल्या की चव्हाट्यावर जाळल्या, आणि जेथे त्या मुकाट्याने दिल्या गेल्या तेथे बहुधा सावकाराच्या अंगाला हात लागला नाही. जो कागद वाचता येत नाही, ज्यावर आपली निशाणी आहे एवढेच ठाऊक आहे, आणि ज्याच्या बळावर न्यायालयाचा हुकूमनामा व मागोमाग जप्ती येते, त्या कागदाशी निरक्षर माणसाला करता येण्याजोगा व्यवहार एकच उरतो, तो म्हणजे त्याला आग लावणे.

सरकारने चौकशी केली आणि १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांतील शेतकऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्याने गावपातळीवर नोंदणी-अधिकारी नेमण्याची तरतूद केली. शेतकऱ्याने करून द्यावयाचा दस्तऐवज त्याच्या समक्ष लिहिला जावा, फेड केली की लेखी पावती मिळावी, हिशेब मागितल्यास तो लिहून द्यावा, खातेपुस्तक मिळावे, अशी व्यवस्था झाली. हेतू स्तुत्य होता. परंतु पावती आणि खातेपुस्तक हाती आले तरी ते वाचणार कोण, हा प्रश्न जेथल्या तेथे राहिला. कायद्याने अप्रामाणिक वाचकाच्या जागी प्रामाणिक वाचक बसवण्याचा प्रयत्न केला. शेतकऱ्याला वाचक करण्याचा नाही.

तो प्रयत्न त्याच्या चोवीस वर्षे आधी पुण्यात एका खाजगी घरात झाला होता. १८५५ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी कष्टकरी स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. तिच्यातून किती जण शिकून बाहेर पडले यापेक्षा ती रात्रीची होती ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते. दिवसभराच्या कामानंतर अंग आंबलेले असते, दिव्याला तेल लागते, आणि पोरगेले वय उलटलेल्या माणसाला पाटी हातात धरण्याची लाज वाटते. ज्यांनी आपल्या सेवेच्या गावी असा वर्ग कधी चालवून पाहिला असेल त्यांना हे सांगण्याची गरज नाही. जोतीरावांनी पुढे ‘शेतकऱ्याचा असूड’ या १८८३ च्या ग्रंथात कागद, कचेरी आणि कारकून यांच्या जाळ्यात सापडलेल्या शेतकऱ्याचे जे चित्र काढले, त्याच्या मागे ही प्रत्यक्षातली ओळख होती.

परंतु फुले दांपत्याच्या चरित्रातच या विषयाची दुसरी बाजू दिसते. सावित्रीबाईंचे लग्न १८४० साली झाले तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. त्या सासरी आल्यावर, पतीकडून शिकल्या. अहमदनगरला मिस सिंथिया फॅरर यांनी चालवलेली मुलींची शाळा जोतीरावांनी पाहिली होती, आणि पुढे सावित्रीबाईंनीही त्यांच्याकडे अध्यापनाचे शिक्षण घेतले. १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडली, आणि दुसऱ्याच वर्षी, लोकापवादाच्या दडपणाखाली, वडील गोविंदराव यांनी मुलाला व सुनेला घराबाहेर काढले. कागद सावकाराच्या घरातून बाहेर यावा म्हणून जो झगडा झाला, त्याची पहिली ठिणगी अशी स्वतःच्याच घरात पडली होती.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. नऊ-दहा वर्षांच्या वधूला आज आपण प्रौढ म्हणणार नाही. परंतु त्या काळी लग्नाने बालपण संपत असे आणि शिकण्याचे वयही संपत असे. चूल, विहीर आणि सासूची आज्ञा यांच्यामधून ज्या मुलीला अक्षरासाठी वेळ काढावा लागला, तिची अडचण आजच्या प्रौढ स्त्रीच्या अडचणीहून निराळी नव्हती.

अनंतशास्त्री डोंगरे यांचे उदाहरण आपल्यातील बहुतेकांना माहीत आहे. पुण्यात गुरूंकडे शिकत असता पेशव्यांच्या वाड्यातील स्त्रीला गुरुजी संस्कृत शिकवतात हे त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीलाही शिकवावे असे मनात घेतले. पहिल्या पत्नीच्या बाबतीत घरच्यांनी ते होऊ दिले नाही. दुसऱ्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, शिकवू लागताच पुन्हा विरोध झाला, तेव्हा शास्त्रीबोवांनी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात बिऱ्हाड केले. तेथे १८५८ साली पंडिता रमाबाईंचा जन्म झाला, आणि त्यांना संस्कृत शिकवले ते आईने. अक्षर आईच्या हाती आले की ते पुढच्या पिढीत कसे उतरते याचा हा ठळक दाखला आहे. मात्र एका स्त्रीला वाचता यावे म्हणून एका कुटुंबाला माणसांची वस्ती सोडावी लागली, ही त्याची किंमतही ध्यानात ठेवली पाहिजे.

रमाबाई रानडे यांना वस्ती सोडावी लागली नाही. त्या भरल्या घरातच शिकल्या. १८७३ साली अकरा वर्षांच्या असताना त्यांचा न्यायमूर्ती रानड्यांशी विवाह झाला आणि न्यायमूर्तींनी लगेच त्यांना शिकवण्यास आरंभ केला. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या त्यांच्या पुस्तकात घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांच्या विरोधाचे जे वर्णन आहे ते वाचताना आजही मन अस्वस्थ होते. टोमणे, अबोला, कामात अडवणूक, असे सगळे प्रकार झाले. इंग्रजी शिकू लागल्यावर तो विरोध वाढला, आणि १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यास येऊन आर्य महिला समाज स्थापन झाल्यावर, तेथे जाऊ लागल्यामुळे, त्याला आणखी धार चढली.

या वडीलधाऱ्या स्त्रियांना आपण सहज अडाणी म्हणून मोकळे होतो. मला तो निवाडा पटत नाही. त्यांच्या दृष्टीने पाहिले तर त्यांची भीती अगदी अचूक होती. एकत्र कुटुंबात सुनेशी मुलाचे बोलणे सासूच्या कानावरून जात असे; घरातली बातमी, पाहुण्याचा निरोप, माहेरचे वर्तमान, सगळे वडील माणसांच्या तोंडून कळे. सून वाचू लागली की पतिपत्नींमध्ये एक खाजगी दार उघडते. माहेरची चिठ्ठी ती स्वतः वाचते. दिव्यापाशी नवऱ्याबरोबर बसते आणि त्या तासात ती कोणाची सून नसते. ज्या स्त्रीने आयुष्यभर दुसऱ्याच्या आज्ञेत काढून अखेर स्वतः आज्ञा देण्याचा अधिकार मिळवलेला असतो, तिच्या हातून तोच अधिकार एका पाटीमुळे निसटू लागतो. साक्षरतेचा प्रचार करणाऱ्यांनी पुरुषांच्या विरोधाविषयी पुष्कळ लिहिले आहे. सासूच्या दुःखाविषयी फारसे कोणी लिहिले नाही.

लक्ष्मीबाई टिळक यांचा मार्ग आणखी निराळा. शाळेचे तोंड त्यांनी जवळजवळ पाहिले नव्हते. वाचन-लेखन शिकल्या त्या लग्नानंतर, रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या प्रेरणेने. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला आणि काही वर्षे संसार दुभंगला. १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १९१९ साली टिळक निवर्तल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुरे करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले, आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली. मराठी गद्यातील एक श्रेष्ठ पुस्तक संसारात पडल्यावर अक्षर शिकलेल्या स्त्रीच्या हातचे आहे. तिच्या भाषेत पुस्तकी वळण नाही. याचे श्रेय तिच्या स्वभावाला आहेच. पण ती आधी बोलणारी होती आणि मग लिहिणारी झाली, यालाही असावे.

आता धंद्याकडे वळतो. सुप्याहून केडगाव काही फार दूर नाही. ज्या टापूत १८७५ साली कर्जखते जळली, त्याच टापूत १८९८ च्या सुमारास पंडिता रमाबाईंचे मुक्ती सदन उभे राहिले. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली व स्त्रिया आणल्या, १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, आणि बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. तेथे शाळा होती, तशीच शेती, विणकाम, आणि छापखानाही होता. अक्षरओळख झालेल्या स्त्रिया तेथे खिळे जुळवीत, छपाई करीत, पुस्तके बांधीत. पंडिताबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून साध्या मराठीत केलेले संपूर्ण बायबल याच छापखान्यात छापले गेले. १९२२ साली त्या निवर्तल्या आणि १९२४ साली ते बाहेर पडले.

त्या भाषांतराची चर्चा आपल्याकडे शब्दयोजनेच्या अंगाने पुष्कळ झाली आहे. माझे लक्ष खिळे जुळवणाऱ्या बायकांकडे जाते. जुळारी उलटे अक्षर वाचतो, डावीउजवीकडील चूक बोटांनी ओळखतो. हे काम येण्यासाठी नुसती सही येऊन भागत नाही. ज्यांना गावाकडे विधवा म्हणून घरात जागा नव्हती, त्यांना या कामाने कौशल्य दिले आणि समुदायात स्थान दिले. १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनानेही, रमाबाई रानड्यांच्या नेतृत्वाखाली, प्रौढ स्त्रियांच्या शिक्षणाला शिक्षिकेच्या व परिचारिकेच्या व्यवसायाची जोड दिली. या दोन्ही ठिकाणी अक्षर टिकले, कारण रोजच्या कामाला ते लागत होते.

जेथे ते कामाला लागत नाही तेथे काय होते हे पाहण्यासाठी पुढील शतकाकडे यावे लागते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांना ही अडचण फार लवकर उमगली होती. १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व संस्थानात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले; परंतु शाळा सुटल्यावर हाती पुस्तक पडले नाही तर शिकलेले विसरते, म्हणून १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे उभारले. खेडोपाडी पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. संस्थानिकांच्या स्तुतीचा मला फारसा सोस नाही, पण या बाबतीत त्यांच्याइतके दूरवर पाहणारे त्या काळी थोडे होते.

१९३५ साली डॉ. फ्रँक लॉबाक भारतात आले. फिलिपाइन्समधील लानाव येथे, मिशनचा पैसा आटल्यावर, शिकलेल्या प्रत्येकाने आणखी एकाला शिकवावे ही पद्धत त्यांनी रूढ केली होती. येथील ख्रिस्ती कार्यकर्त्यांबरोबर त्यांनी भारतीय भाषांचे तक्ते तयार करवले. महात्मा गांधींची ते भेट घेऊन आले, पण नुसत्या अक्षरज्ञानाला शिक्षण मानण्यास गांधीजी तयार नव्हते. १९३७ साली ‘हरिजन’मध्ये त्यांनी तसे स्पष्ट लिहिले. हाताच्या उद्योगाशी अक्षराचा संबंध जोडला पाहिजे हा त्यांचा आग्रह होता. लॉबाक यांची कळकळ आणि गांधीजींची शंका यांत एकाची निवड करण्याचे मला कारण दिसत नाही. तक्ता लवकर शिकवतो, पण शिकलेले टिकते की नाही हे तक्त्यावर अवलंबून नसते.

साताऱ्याच्या ग्रामशिक्षण मोहिमेत हेच दिसून आले. १९५९ साली ती त्या जिल्ह्यात सुरू झाली आणि १९६१ पासून सर्व महाराष्ट्रभर नेण्यात आली. गावाने ग्रामदैवतापुढे शपथ घ्यावी, प्राथमिक शिक्षकांनी व शिकलेल्या गावकऱ्यांनी वर्ग चालवावेत, आणि सगळे गाव साक्षर झाले की थाटाचा गौरवसमारंभ व्हावा, अशी पद्धत होती. खर्च अत्यल्प, उत्साह अपूर्व. ज्यांनी ते समारंभ पाहिले ते डोळ्यांत पाणी आणून सांगत, की नातवाने आजीला शिकवले आणि आजीने सर्वांसमोर फळ्यावर आपले नाव लिहिले. त्या आजीचा आनंद खोटा नव्हता. परंतु समारंभ झाल्यावर गावात वाचण्याजोगे काही उरले नाही, आणि पुष्कळ माणसे काही काळातच पुन्हा निरक्षर झाली. आजीला नाव लिहिता येत राहिले असेल. पण दुकानदाराची वही वाचता आली नाही, कारण दुकानदाराची वही वर्गात कधी आणलीच नव्हती. पुढील सरकारी मोहिमांत तर कागदावरची साक्षरता आणि गावातली साक्षरता यांत इतके अंतर पडले, की रमेश इंगळे उत्रादकर यांनी त्यावर ‘निशाणी डावा अंगठा’ ही कादंबरी लिहिली. शीर्षकात पुन्हा तीच निशाणी आहे.

याच्या उलट घडलेली एक गोष्ट आंध्र प्रदेशातील आहे. नेल्लोर जिल्ह्यात १९९० नंतर साक्षरतेची मोहीम चालली. त्यातील वाचनपाठांत एक पाठ दारूमुळे मोडलेल्या संसाराचा होता. दुबगुंटा गावच्या मजूर बायकांनी तो वाचला, त्यावर बोलल्या, आणि रोसम्मा या त्यांच्यातल्याच स्त्रीच्या पुढाकाराने गावातील अरकाचे दुकान बंद पाडले. मग त्यांचीच हकिगत पाठ म्हणून इतर गावांच्या वर्गांत वाचली गेली. १९९२ मध्ये हे लोण सर्व जिल्ह्यात आणि पुढे राज्यभर पसरले; १ ऑक्टोबर १९९३ पासून सरकारला अरकाची विक्री बंद करावी लागली, आणि १९९५ साली संपूर्ण दारूबंदी आली. दारूबंदी १९९७ साली शिथिल झाली ही गोष्ट खरी. परंतु नवऱ्याची मजुरी घरी येते की दुकानात जाते हा त्या बायकांचा रोजचा प्रश्न वर्गात फळ्यावर आला, यामुळे तो वर्ग साताऱ्याच्या फळ्याहून वेगळा ठरला. अर्थात केवळ अक्षराने हे झाले असे म्हणता येणार नाही. रोज संध्याकाळी वीस बायका घराबाहेर एकत्र बसू लागल्या, आणि त्यासाठी त्यांना एक निर्दोष निमित्त मिळाले, याचाही त्यात मोठा वाटा होता.

शेवटी आपल्या स्वतःच्या परिस्थितीविषयी थोडे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला या प्रश्नाचा एक जादा पेच आहे. बेळगाव भागातील आपल्या मंडळीतील एखादी बाई पन्नाशीत मराठी वाचायला शिकते, गीतपुस्तक उघडते, मुंबईच्या मुलीची चिठ्ठी वाचते. आणि शेताचा उतारा हाती आला की पुन्हा निरक्षर होते, कारण उतारा कन्नडमध्ये असतो. बडोद्यात तोच कागद गुजरातीत असतो, हैदराबादेत तेलुगूत. घराचे अक्षर एक आणि कचेरीचे दुसरे. अशा ठिकाणी मराठीचा वर्ग तिला घरात मोठी करतो, कचेरीत नाही. दोन्ही लिप्या शिकवाव्यात म्हटले तर थकलेल्या माणसावर दुप्पट भार पडतो. एकच शिकवावी म्हटले तर कोणती, याचे उत्तर आपल्याला जी भाषा प्रिय आहे तिच्यावरून देऊन चालणार नाही. तिला कोणता कागद रोज हाताळावा लागतो, हे आधी तिला विचारले पाहिजे.

आणि आणखी एक गोष्ट, जी लिहिताना मला संकोच वाटतो. अनेक गावांत पिढ्यान्पिढ्या उपदेशक हाच वाचणारा होता. मनिऑर्डरीचा फॉर्म त्याने भरावा, कोर्टाची नोटीस त्याने समजावून सांगावी, परगावच्या मुलाचे पत्र त्याने वाचावे आणि उत्तरही त्यानेच लिहावे. त्यामुळे त्याला घरोघरच्या गोष्टी ठाऊक असत आणि त्याचा शब्द वजनदार असे. मीही अशी पत्रे वाचली आहेत. एकदा एका म्हातारीला मुलाचे पत्र वाचून दाखवताना त्यातील एक कठोर वाक्य मी गाळले. तिला दुःख होऊ नये म्हणून. पुढे तिची नात चौथीत गेली आणि तिने ते जपून ठेवलेले पत्र आजीला संपूर्ण वाचून दाखवले. म्हातारी मला काही बोलली नाही. पण त्यानंतर तिने माझ्याकडे पत्र आणले नाही, आणि त्याच हिवाळ्यात ती आपण होऊन नातीच्या पाटीपाशी बसू लागली.